साडेचारशेचा संप

आमच्या घरात एकदा कॉम्प्युटरच्या प्रोसेसरने संप केला आणि त्याच्या वतीने बोलणी करायला माझे वडील बसले. मालक मी होते.

वर्तकनगरच्या कॉलनीत आम्ही तिघं राहायचो. बाबा कारखान्यात युनियनचे. आई एका कचेरीत मराठी टायपिस्ट. युनियनची पत्रकं स्टेन्सिलवर तीच कापायची. मी अक्षरं शिकले ती या पत्रकांवरून. (बालवाडीत बाई 'म मगरीचा' म्हणाल्या, तेव्हा मी उभी राहून 'म मागण्यांचा' म्हटलं. बाबांनी कॉलनीत पेढे वाटले.)

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आईच्या कचेरीत कॉम्प्युटर आले. साहेब म्हणाले, "तुम्हाला आता या वयात जमायचं नाही."  आई दुसऱ्या दिवशी डीटीपीच्या क्लासला नाव घालून आली. पुढे तिला पहिलं काम मिळालं ते बाळकुमच्या हिराबाईच्या मुलीच्या लग्नपत्रिकेचं. हिराबाई आमच्या दारावर मासळी घेऊन यायची. "चांगली केलीस तं अख्खा बाळकुम तुझ्याकरं आनीन," ती आईला म्हणालेली.

आता घरात कमी होता तो फक्त कॉम्प्युटर. तो निवडायची जबाबदारी मी ओढून घेतली आणि डोंबिवलीला परागकडे गेले. पराग पोळीभाजी केंद्राच्या वरच्या खोलीत कॉम्प्युटर जोडून द्यायचा.

"हा प्रोसेसर साडेचारशे मेगाहर्ट्झ वेगाचा, महाग," तो म्हणाला. "हा तीनशेचा, स्वस्त. पण गंमत माहितीय का? सेटिंग बदललं की तीनशेवालापण साडेचारशेवर पळतो. ओव्हरक्लॉकिंग."

"म्हणजे आतून दोघे सारखेच?"

"जवळपास."

"मग याच्यावर तीनशे का लिहिलंय?"

"कंपनी लिहिते ना."

माझं रक्त उसळलं. "जन्मतःच याच्या कपाळावर लायकी मारून ठेवली?"

"मॅडम, प्रोसेसर आहे तो." पराग जरा मागे सरकला. "आणि सगळेच पळत नाहीत हां, नशिबाचा मामला आहे. तापतो फार. वर मोठा पंखा बसवून घ्या."

मोठा पंखा मला श्रीमंतांची चैन वाटली. मी तीनशेवाला बसवलेला कॉम्प्युटर घेतला, परागला प्रोसेसरची बेडी तोडून तो साडेचारशेवर न्यायला लावलं आणि विजयी मुद्रेने घरी आणला.

"बाबा, याला तीनशेचं काम ठरवून दिलेलं. मी साडेचारशेचं करून घेणार," मी जाहीर केलं.

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. "त्याच पगारात?"

"पगार कसला?"

"ठरल्याच्या दीडपट काम. वाढ नाही. आणि तापलं तर पंखापण नाही म्हणतेस."

"बाबा, ते यंत्र आहे."

"आमच्याबद्दल मालक हेच म्हणायचे."

"अहो, त्याची तेवढी क्षमता आहे. कंपनीने दाबून ठेवलेली."

"'तुमच्यात क्षमता आहे' या वाक्यानंतरच आमचं उत्पादनाचं टार्गेट वाढायचं," बाबा म्हणाले. "या घरात ओव्हरटाइम फुकट होणार नाही."

मी आयुष्यभर ज्या पत्रकांवर वाढले, ती सगळी एकाएकी माझ्याविरुद्ध छापलेली निघाली.

"मला शनिवारी पत्रिका द्यायचीय," आई म्हणाली. "तुमच्यात बरोबर कोण, ते रविवारी ठरवा."

आई कामाला बसली. मे महिना होता. गणपती बसला, कुलदैवत बसलं, चि. सौ. कां. झालं. 'माझ्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' या ओळीपाशी कॉम्प्युटरचा पडदा गोठला. सगळं गेलं. आईने पुन्हा सुरुवात केली. पुन्हा मावशीच्या लग्नापाशीच गोठला!

"संप," बाबा समाधानाने म्हणाले आणि खुर्ची ओढून प्रोसेसरच्या बाजूला बसले. "आमच्या मागण्या लिहून घे. डब्याचं झाकण काढा. हवा द्या. तासाला दहा मिनिटं सुट्टी."

मी झाकण काढलं. घरातला एकुलता एक टेबलफॅन डब्याच्या तोंडाशी आणला. तेवढ्यात हिराबाई पत्रिका बघायला आली, ती घामाघूम. बाबा तिला म्हणाले, "जरा पलीकडे बसता का? हवा अडतेय."

"पावनी मी हाय का यो डबा?" हिराबाईने विचारलं.

"सध्या तो," बाबा म्हणाले.

मी पंख्याचा वेग वाढवला. हिराबाईने लिहून आणलेली नातेवाइकांच्या नावांची पानं उडाली आणि गॅलरीतून थेट खाली गेली. मी जिन्याकडे धावले. बाबा हलले नाहीत. त्यांच्या मते वाटाघाटी चालू होत्या. दोन पानं मिळाली, मुलाकडचे काका-मामा असलेलं तिसरं गटारात गेलं. वर आले तर हिराबाई डोळे मिटून नावं सांगत होती आणि आई भराभरा टाइप करत होती. चुलते झाले, मामा झाले, आत्याचे यजमान झाले. आणि पडदा गोठला.

आईने कीबोर्डवरून हात उचलले आणि पदराखाली घेतले.

"मीच काहीतरी चुकीचं दाबते बहुतेक," ती हळूच म्हणाली. "साहेब म्हणालेच होते."

बाबांनी मागण्यांचा कागद घडी करून खिशात घातला. माझ्याकडे एकही घोषणा उरली नव्हती.

"तू नाही गं चुकत," मी म्हणाले. "मी त्याला झेपत नाही तेवढं पळवतेय."

"मग नको ना पळवूस. मी टाइपरायटरवरून आलेय. मला कुठे घाई आहे?"

मी सेटिंगमध्ये जाऊन साडेचारशेचे पुन्हा तीनशे केले. प्रोसेसर असा शांत चालू लागला, जणू त्याला कोणी कधी मुक्त केलंच नव्हतं. पत्रिकेच्या कोपऱ्यातली नक्षी उमटायला इतका वेळ घ्यायचा, की तेवढ्यात हिराबाईला आणखी दोन मामा आठवायचे. पण तो गोठला नाही. 'यायचं हं' पार पडलं तेव्हा आईने थांबून ती ओळ एकदा मोठ्याने वाचली. शनिवारी फ्लॉपी घेऊन ती एकटीच छापखान्यात गेली.

हळदीला आम्हाला बाळकुमला बोलावणं आलं. हिराबाईने आईला हाताला धरून मांडवभर फिरवलं. "ही पत्रिकावाली बाय. आख्खी नावं बरोबर," ती सांगायची. पुढची दोन लग्नं आणि एक बारसं आईला मांडवातच मिळालं. एका म्हाताऱ्याला मात्र शंका होती. काम वेळेवर होईल का, त्याने विचारलं.

"व्हईल रं बाबा," हिराबाई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. "ह्या पोरीला आता मशीनला हात लावू देत नाय."

त्याने लगेच नातवाच्या लग्नाची तारीख सांगितली.