मुकं बटण

जगातली प्रत्येक वस्तू आपल्याला फसवण्यासाठीच बनवलेली आहे असं मानणारा एक माणूस प्रत्येक कुटुंबात असावा, फक्त तो सासरकडचा नसावा. माझा सासरकडचा आहे. बायकोच्या मावशीचे यजमान, म्हणजे मावससासरे. पण एवढा लांब शब्द उच्चारेपर्यंत ते आपल्या चपलेचा सोल तपासून मोकळे होतात, म्हणून मी त्यांना काका म्हणतो. ओझरला विमानांच्या कारखान्यात त्यांनी जन्मभर तपासनिसाचं काम केलं. ज्या नजरेनं विमानाचा रिवेट पाहिला त्याच नजरेनं ते आता भेंडी बघतात. आमच्या लग्नात मला घातलेली अंगठी त्यांनी भर मांडवात डोळ्याजवळ धरून फिरवून पाहिली आणि "ठीक आहे, ठेव बोटात," अशी परवानगी दिली. मावशीनं केलेल्या पोळीला तर चाळीस वर्षांत एकदाही पुरते मार्क मिळाले नसतील. एकदा शिट्टी जरा तिरकी बसते म्हणून त्यांनी नवा कुकर इतक्यांदा परत केला की दुकानदारानं हात जोडले. "काका, तुम्हीच आत या आणि हवा तो उचला." काका आत गेले ते दुकान बंद व्हायच्या वेळी बाहेर आले, तेही रिकाम्या हातानं. मावशी आणखी दोन महिने जुनाच कुकर वापरत होती.

अशा माणसाला 'मला जुनी गाडी घ्यायची आहे' हे सांगणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं. मी पाडून घेतला. मी घोटीच्या कॉलेजात शिकवतो, नाशिकहून रोज जाऊन येऊन. माझी आधीची गाडी पेट्रोल प्यायची आणि वर रस्त्यातच बसकण मारायची. कमी पेट्रोलवर चालणारी एखादी वापरलेली हायब्रिड मिळावी, एवढीच माझी इच्छा. काकांनी विचारलं, "मॉडेल कुठलं? खालचं, मधलं की टॉप?" मी म्हणालो, "चालणारं." त्या दिवसापासून माझे रविवार गेले ते गेलेच.

जुनी गाडी विकणारा प्रत्येक जण टॉप मॉडेलच विकत असतो, हा काकांचा पहिला सिद्धांत. म्हणून ते आधी गाडीच्या मागे उकिडवे बसत आणि तिथल्या मॉडेलच्या नावाच्या लेबलाला नख लावून बघत. गंगापूर रोडच्या एका डॉक्टरांच्या गाडीचं लेबल काकांच्या नखाबरोबर अख्खं हातात आलं. काकांनी ते अदबीनं डॉक्टरांच्या तळहातावर ठेवलं. "सांभाळून ठेवा, पुढच्या गाडीला होईल." मला तिथल्या तिथे गाडीखाली शिरावंसं वाटलं. दुसरी परीक्षा मुक्या बटणांची. टॉप मॉडेलमध्ये जिथे सीट गार करायचं बटण असतं, तिथे मधल्या मॉडेलमध्ये नुसतं कोरं प्लास्टिक बसवलेलं असतं. दिसायला बटणासारखंच, पण दाबलं तर काही होत नाही. "लेबल खोटं बोलेल, मालक खोटं बोलेल, मुकं बटण खोटं बोलत नाही," काका म्हणायचे. मालेगावच्या एका भल्या व्यापाऱ्यानं आम्हाला चहा पाजला, बिस्किटं दिली आणि म्हणाला, "चाचा, माल एक नंबर है, आँख बंद करके ले जाओ." काका म्हणाले, "डोळे मिटायचेच होते तर घरी झोपलो असतो." मग ते दोन तास सीटखाली. शेवटी तो बिचारा माझ्या कानात पुटपुटला, "साहब, ये गाडी देखने आये हैं या रिश्ता?" गाडी खरोखर टॉप निघाली, पण तोवर काकांना टायरचा संशय आला होता. परतीच्या वाटेवर मी रडकुंडीला येऊन म्हणालो, "काका, मला टॉप नकोच हो. सीट गार असो, गरम असो, बसायला मिळाली तरी पुरे." ते शांतपणे म्हणाले, "प्रश्न सीटचा नाही. जे नाही, ते आहे म्हणून का घ्यायचं?"

मग काकांना काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी गाडी चालवायला साफ मनाई केली. पुढच्या रविवारी त्यांचा फोन आला, "आज कुठे जायचं नाही. आमचीच घे." त्यांच्याकडेही हायब्रिडच होती. मावशी शाळेतून निवृत्त झाली तेव्हा आपल्या पैशांतून, कुणाला न सांगता, एकटी शोरूममध्ये जाऊन "सगळ्यात वरचं मॉडेल द्या" म्हणून तिनं ती काकांसाठी आणली होती. ही हकिकत सगळ्या नातेवाइकांना पाठ आहे, कारण मावशी ती सगळ्यांना सांगते. काकांनी किंमत मात्र मधल्या मॉडेलची सांगितली. मावशी तडकली, "अहो, टॉप आहे ना आपली?" "घरचा माणूस आहे," एवढंच ते बोलले.

रविवारांची सवय वाईट. पार्किंगमध्ये गेल्या गेल्या मी गाडीमागे उकिडवा बसलो. लेबल टॉपचंच होतं आणि इतकं सरळ, इतकं नेमकं बसवलेलं की मला शंका आली. कंपनीला घाई असते, कंपनी इतकं सरळ लावत नाही. इतकं सरळ लावणारा हात माझ्या ओळखीत एकच होता. मी वर पाहिलं, तर काका पाण्याच्या टाकीकडे बघत होते.

मी स्टिअरिंगवर बसून गाडी सुरू केली, शेजारी मावशी. काका माझ्या खिडकीत वाकून उभे. "हे बघ," मावशी कौतुकानं म्हणाली, "हे सीट गार करायचं. उन्हाळ्यात माझं याच्यावाचून पान हलत नाही." तिनं बोट टेकवलं ते कोऱ्या प्लास्टिकवर. तिच्या बोटानं ते घासून गुळगुळीत झालं होतं. त्याच क्षणी खिडकीतून काकांचा हात माझ्यासमोरून आत आला आणि एसीचा पंखा एक घर वाढवून निघून गेला. वर्षानुवर्षं घोटवलेला हात होता तो. मावशीनं पाठ टेकली. "लागतं की नाही गार?"

काका माझ्या तोंडाकडे बघत होते. कुणाचं तसूभर खोटं कधी पास न केलेला तो माणूस माझ्याकडे एक खोटं मागत होता. माझा सगळा वैताग कुठल्या कुठे गेला. मी म्हणालो, "लागतंय की, मावशी. टॉपच आहे."

"नीट तपासलंस ना?" काकांनी दरडावलं.

"तपासलं, काका."

मावशी नारळ आणायला वर गेली, तेव्हा मी विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"आणली तेव्हाच. हारसुद्धा काढला नव्हता." ते रुमालानं डोळे पुसत होते, काचबिंदूचं औषध घातल्यावर पाणी येतं म्हणे. "शोरूमवाल्याशी भांडलो असतो, पण मग तिला कळलं असतं. जन्मभर तिच्या पोळीत खोट काढली रे मी. म्हटलं, ही एक वस्तू पास करू."

गाडी आता माझ्याकडे आहे. माझे रविवार अजूनही जातात, कारण दोघांना गंगापूर धरणापर्यंत फिरवून आणावं लागतं. जाताना काका मागून रस्त्याच्या, टायरच्या आणि माझ्या गिअर टाकण्याच्या चुका काढतात. गाडीला गिअर नाहीत हे त्यांना ठाऊक असूनही. त्यांना आता फारसं दिसत नाही. पुढे बसलेली मावशी बोट टेकवते, मी पंखा एक घर वाढवतो. त्या आवाजासाठी काका मागे बोलायचे थांबलेले असतात. "लागलं का गं गार?" ते विचारतात. मावशी हो म्हणाली की सीटला डोकं टेकून डोळे मिटून घेतात.