फुटक्या घागरीची ओळ

हार्मोनियमचा भाता उघडताना सुराच्या आधी नुसती हवा ऐकू येते, झोपेतल्या माणसाने कूस बदलावी तशी. इंदोरा या आमच्या वस्तीतल्या माझ्या लहानपणाची आठवण निघाली की तो आवाज आधी कानांत येतो. मागून ढोलकीची थाप, भोंग्यातली खरखर, सतरंजीवर दाटीने बसलेल्या माणसांचा घामाचा आणि विडीचा गंध, आणि मग बुद्धवंदनेचा संथ, गंभीर स्वर. वंदना संपली की आमच्या वडीलधाऱ्यांना ताठ मानेने चालायला शिकवणारी गीते होत. आणि त्यानंतर, सारी वस्ती ज्याची वर्षभर वाट पाही, तो सामना.

तुम्ही गायन पार्ट्यांचा सामना कधी पाहिला आहे का? दोन पार्ट्या समोरासमोर बसत. एकीने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसरीने गाण्यातूनच तो परतवायचा. सवाल संपले की टोमणे सुरू होत, आणि टोमणे जितके बोचरे तितका टाळ्यांचा गजर मोठा. ऐकणारेही आपसूक दोन बाजूंना वाटले जात. डावीकडे किसन कव्वालाच्या पार्टीचे लोक, उजवीकडे शेवंताबाईंच्या.

माझे बाबा, नामदेव, उजवीकडचे. शेवंताबाईंचा आवाज थोडा घोगरा होता आणि वरच्या पट्टीत तो क्षणभर फाटे. त्या फाटण्यावर बाबांचा जीव होता. ‘तिथंच तर बाई खरं बोलते,’ असे ते म्हणत. त्यांचे जिवलग मित्र महादेवकाका मात्र किसन कव्वालाचे निस्सीम भक्त. त्याच्या गाण्याचे तवे, म्हणजे ग्रामोफोनच्या तबकड्या, निघाले होते आणि काकांनी ते जपून जमवले होते. रविवारी सकाळी त्यांच्या घरातून तो आवाज साऱ्या गल्लीवर पसरे.

दोघेही लकडगंजच्या एका आरामशीनवर कामाला होते. एकाने ओंडका करवतीकडे ढकलायचा, दुसऱ्याने पलीकडून ओढून घ्यायचा, आणि करवतीच्या कर्कश आवाजावर आवाज चढवून दोघांचा वाद चालायचा.

“तव्यातला आवाज म्हणजे डबक्यातलं पाणी,” बाबा म्हणत. “हलत नाही, वाढत नाही. गाणं समोर बसून ऐका लागते.”

“डबक्यातलं का असेना, रोज सकाळी तोंड धुवाले तर भेटते,” काका म्हणत. “तुही बाई वर्षातून एकदा येते गा.”

“म्हणून तर वर्षभर पुरते.”

असा तो वाद, दोघांनाही न संपावासा वाटणारा. मी मॅट्रिकला होते त्या वर्षी मात्र तो संपला. त्या सामन्यात किसन कव्वालाने शेवंताबाईंकडे हात करून एक ओळ टाकली: ‘फुटकी घागर नदीले गेली, येता येता रिकामी झाली.’ बाईंच्या फाटणाऱ्या आवाजावरचा तो घाव सगळ्यांना कळला. मैदानभर हशा उसळला. बाईंनी मान खाली घातली. बाबांनी डावीकडे पाहिले, तर महादेवकाका पोट धरून हसत होते आणि पुन्हा म्हणा, पुन्हा म्हणा, म्हणून ओरडत होते. बाबा उठले आणि निघून आले.

त्या दिवसापासून त्यांनी महादेवकाकांशी बोलणे सोडले. समोर आले तरी ‘जयभीम’सुद्धा नाही. ‘बाईमाणसाची चार लोकांत बेइज्जती होते आन् हा हासते,’ एवढेच ते आईला म्हणाले. आरामशीनवर एकाच ओंडक्याच्या दोन टोकांना उभे राहून दोघे मुक्याने काम करू लागले. आम्हाला वाटे, महिनाभर चालेल. पण माझी मॅट्रिक झाली, टायपिंग झाले, सदर भागातल्या एका कचेरीत मला नोकरी लागली, तरी अबोला संपला नाही. मधल्या काळात महादेवकाकांची बायको वारली. बाबा अंत्ययात्रेत शेवटपर्यंत चालले, दूर उभे राहिले आणि काकांजवळ न जाताच परतले. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. अभिमान माणसाला ताठ उभे करतो खरा. पण वाकावेसे वाटते त्या क्षणीही तो वाकू देत नाही, याला काय म्हणावे?

पुढे एका वर्षी सामना लकडगंजातच ठरला. शेवंताबाई दुपारीच आल्याचे कळले. त्या एका हॉटेलामागच्या खोलीत उतरल्या होत्या. एकदा तरी बाईंना भेटावे ही बाबांची जुनी इच्छा मला ठाऊक होती. आईने कोथिंबिरीची सांबारवडी तळून डबा भरून दिला, मी बाबांना धुतलेला सदरा घालायला लावला आणि आम्ही बापलेक निघालो.

खोलीचे दार अर्धे उघडे होते. आत चटईवर शेवंताबाई बसल्या होत्या, चष्मा लावलेल्या, वाटल्या होत्या त्यापेक्षा म्हाताऱ्या. त्यांच्यासमोर, त्यांच्याच ताटात जेवत बसला होता किसन कव्वाल.

बाबा उंबऱ्यापाशीच थांबले. आतल्यांचे आमच्याकडे लक्ष नव्हते.

“दादा, आज ते फुटक्या घागरीची ओळ पुन्हा घे,” बाई ताटात भात वाढत म्हणत होत्या. “लोकं तिथं लय हासतात.”

“दरसाल तेच काय वं?” किसन म्हणाला. “मले आता बरं नाही वाटत. आपली माय असती तर दोघायलेही रागावली असती.”

“तुले काहून वाईट वाटते? ओळ माही हाय. मीच तर बांधली.”

मी बाबांकडे पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुःखही नव्हते. पायांखालची जमीन कुणी अलगद काढून घ्यावी आणि माणूस अजून पडलेला नसावा, तसे काहीसे होते. भाऊबहीण! मैदानात एकमेकांची लक्तरे काढणारी ही दोन माणसे एकाच आईच्या पोटची होती, आणि ज्या ओळीपायी आमच्या घरातल्यासारखा एक माणूस वर्षानुवर्षे वजा झाला, ती ओळ जिला लागली असे आम्ही समजत होतो तिनेच रचली होती.

बाईंची नजर वर गेली. “कोण व्हय? या ना, आत या.”

बाबा आत गेले नाहीत. दारातूनच त्यांनी विचारले, “बाई, ते ओळ तुमची होय?”

बाई गोंधळल्या. मग चष्मा काढून म्हणाल्या, “होय. माहा आवाज वरती फुटते ना भाऊ. लोकं मागं बोलत. म्हटलं, त्यायनं बोलाच्या आधी आपणच गाऊन टाकावं. दादा तर गाले तयार नव्हता. मीच शपथ घातली.”

“त्या ओळीपायी मी माह्या दोस्ताशी बोलत नाही,” बाबा म्हणाले. त्यांचा आवाज इतका खाली गेला होता की मलाच जेमतेम ऐकू आला. “तो हासला म्हणून.”

किसन कव्वालाचा घास हातातच राहिला. बाईंच्या चेहऱ्यावर आता आमच्याहून मोठा धक्का होता.

“आम्ही भांडून पोट भरतो, भाऊ,” त्या शेवटी म्हणाल्या. “आमचं भांडण खाली उतरलं की संपते. तुमी ते घरी काहून नेलं?”

बाबांनी डबा उंबऱ्यावर ठेवला, दोघांना ‘जयभीम’ केला आणि पाठ फिरवली. वाटेत मी दोनदा काही बोलायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा त्यांनी पावले झपाझप उचलली.

संध्याकाळी मैदान भरले. बाबा नेहमीप्रमाणे उजवीकडे बसले, मी बायकांत. वंदना झाली, गीते झाली, सामना रंगात आला. किसन कव्वाल टोमण्यांवर आला तेव्हा लोक त्या ओळीची वाट पाहू लागले. त्याने शेवंताबाईंकडे हात केला, भाता ओढला आणि दुसरेच कडवे धरले. डावीकडून आरोळ्या उठल्या, ‘घागर! घागर!’ त्याने मान हलवली नाही. समोर बाईंच्या डोळ्यांना पदर लागला होता. कशासाठी, ते त्या गर्दीत आम्हा तिघाचौघांनाच ठाऊक होते.

त्याच वेळी बाबा उठले. इतक्या वर्षांत उजवीकडचा माणूस डावीकडे गेलेला मी पाहिला नव्हता. लोकांच्या पायांमधून वाट काढत ते महादेवकाकांजवळ जाऊन उभे राहिले. काकांनी वर पाहिले. ते बाजूला सरकले आणि सतरंजीवर जागा झाली. मलाही बसवेना, मी मागून जाऊन पोहोचले तेव्हा बाबा बोलत होते.

“महादेव, ते दोघं भाऊबहीण हायेत. आन् ओळ बाईचीच हाय. मी आज कानानं ऐकलं.”

महादेवकाका स्टेजकडेच पाहत राहिले. “मले माहीत हाय,” ते म्हणाले.

बाबांनी त्यांच्याकडे पाहिले ते असे, जणू हा माणूस त्यांना पहिल्यांदाच दिसत होता. “कवापासून?”

“त्याच दिवसापासून. तू उठून गेला, मले वाटलं, नामदेवाले लागलं. मी किसनकडं गेलो. म्हटलं, बाईची माफी माग. तर बाईच हासाले लागली. मंग तिनंच सगळं सांगितलं.”

“मंग मले काहून नाही सांगितलं?”

“आलो होतो ना गा. दुसऱ्या दिवशी सकाळीच तुह्या दारात आलो होतो. हाक मारली. तूच आतून म्हटलं, नामदेव घरी नाही.” काकांनी आता बाबांकडे पाहिले. “तुहा आवाज मले वळखू नाही येणार काय? मंग म्हटलं, बोलावंसं वाटंल तवा बोलंल. तवाच सांगू.”

आज इतक्या वर्षांनी विचार करते तेव्हा वाटते, गायक भाऊबहीण निघाले याचा धक्का तसा लवकर विरला. उरला तो हा दुसरा. सारे उलगडणारे एक वाक्य रोज करवतीच्या पलीकडे, हातभर अंतरावर उभे होते आणि आमच्या घरात सुतकासारखी शांतता होती. एका माणसाने ऐकायचे नाही असे ठरवले, दुसऱ्याने लादायचे नाही असे ठरवले. दोघेही आपापल्या परीने सरळच वागले, आणि काकांच्या बायकोची अंत्ययात्रा, कितीतरी रविवार त्या सरळपणात वाहून गेले. गाणे समोर बसून ऐकावे की तव्यावर, याचा निकाल लागो न लागो. माणूस मात्र समोर बसूनच ऐकावा लागतो.

स्टेजवर शेवंताबाईंनी वरचा सूर लावला होता. बाबांनी एरवी तो कधी चुकवला नसता. त्या दिवशी त्यांचे तिकडे लक्षच नव्हते. त्यांनी महादेवकाकांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाले,

“घरीच होतो गा, महादेव.”