चालत्या पट्ट्यावरची पंचमी

नऊवारीचा काष्टा घट्ट खोचून मुक्ताबाई यंत्रावर चढल्या, दोन्ही हातांनी दांडी धरली, पायाखालचा पट्टा सरकायला लागला आणि त्या कडाडल्या, "अगं बया! जमीनच पळाया लागली की!"

सदाशिव पेठेतलं ते हृदयरुग्णांचं व्यायाम केंद्र हशानं दणाणलं. सायकल मारणारे एक पेन्शनर आजोबा तर पायडल मारायचं विसरले. मुक्ताबाईंना आयुष्यभर प्रेक्षक लाभले ते असे, न बोलावता!

कर्वेनगरात जिथं आज सोसायट्या आहेत तिथं ज्वारी डुलत होती, तेव्हापासून नागपंचमीचा फेर म्हणजे मुक्ताबाई. काय तो आवाज! बायका समोरासमोर दोन रांगा धरत. एका रांगेनं ओळ टाकायची, दुसरीनं झेलायची. मुक्ताबाईंनी ओळ टाकली की समोरच्या रांगेच्या अंगात वारं शिरायचं. शेतं गेली, इमारती आल्या, फेर देवळापुढून पार्किंगमध्ये आला. पण पहिली ओळ मुक्ताबाईंचीच.

मग हृदय थकलं. चार पायऱ्या चढल्या की धाप, संध्याकाळी पाय सुजलेले, आडवं पडलं की श्वास कोंडायचा. हृदय रक्त ढकलायला कमी पडतंय, असं डॉक्टरांनी सांगितलं. गोळ्या सुरू झाल्या, मीठ तुटलं, सूज उतरली. उतरला नाही तो लेकाचा धसका. जयसिंगनं आईला खुर्चीत बसवलं ते बसवलंच. पाणी हातात, ताट हातात, चपलासुद्धा पायात. मायेची कैद ती! बसून बसून पायांतलं बळ इतकं गेलं, की मोरीपर्यंत जाताना भिंत धरावी लागे.

अशात शकू भेटायला आली. शकू म्हणजे लहानपणची मैत्रीण, आणि चढाओढही तेवढीच जुनी. चहा फुंकत म्हणाली, "मुक्ते, औंदा फेर म्याच धरते. तू आपली खुर्चीत बसून टाळ्या वाजव."

टाळ्या! मुक्ताबाईंनी! पुढच्या तपासणीला त्यांनी डॉक्टरांना थेटच विचारलं, "पंचमीला फेर धरू का?"

"आत्ता नाही," डॉक्टर म्हणाले, "पण खुर्चीत बसूनही राहायचं नाही." आणि त्यांनी या केंद्राचा पत्ता दिला.

जयसिंग पहिल्याच दिवशी तावातावानं व्यायाम शिकवणाऱ्या बाईंपुढं उभा राहिला. "अहो मॅडम, आईचं हृदय कमजोर, आणि तुम्ही तिला पळवणार?"

या बाई म्हणजे सकीना तांबोळी, नारायण पेठेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या घरातली. तिनं त्याच्या सुटलेल्या पोटाकडे शांतपणे पाहिलं. "चालवणार. पळवायचंच असतं तर तुम्हालाच नाव नोंदवायला सांगितलं असतं."

मुक्ताबाईंना ती तिथंच आवडली.

सकीनानं नियम सांगितला. "आजी, चालताना बोलता आलं पाहिजे. गाता येत असेल तर वेग कमी आहे, थोडा वाढवू. बोलताही येईना, तर जास्त झालं. लगेच सांगायचं, थांबायचं. छातीत दुखलं, चक्कर आली, तरी तेच."

नियम सोपा. पण फेर धरणाऱ्या बाईच्या कानात त्याचा अर्थ निराळाच उतरला. गाता येणं म्हणजे जिंकणं! सकीना शेजारून विचारी, "बोलता येतंय ना, आजी?" आणि मुक्ताबाई उत्तराऐवजी तान सोडत,

"वारुळाला जाते बाई, दुधाची गं वाटी,
भाऊ माझा उभा तिथं हिरव्या शेताकाठी!"

गाताहेत म्हटल्यावर सकीना वेग वाढवी. वेग वाढला की बाई आणखी ठसक्यात गात. दिवस असेच चढत गेले आणि एका सकाळी "हिरव्या" आलं, "शेताकाठी" आलंच नाही. ओठ पांढरे पडले, दांडी हातातून निसटायला लागली. सकीनानं झटकन पट्टा थांबवला, खुर्ची ओढली, नाडी धरली.

श्वास जाग्यावर आल्यावर सकीना कडाडली, "दम लागला होता तर गात का होतात?"

"ओळ मधी तोडली तर फेर मोडतो," मुक्ताबाई पुटपुटल्या. "मग शकू उचलती."

"कोण शकू?"

तेव्हा सगळं बाहेर आलं. दोन रांगा, टाकलेली ओळ, झेललेली ओळ, पंचमी. दारात उभा असलेला जयसिंग ऐकत होता. "आता बास," तो म्हणाला. "फेर नाही, व्यायाम नाही. चल घरी."

मुक्ताबाई उठल्या नाहीत. सकीनानं मात्र विचारलं, "आजी, समोरची रांग गाते तेव्हा तुम्ही काय करता?"

"काय करनार? श्वास घेते. पाय हलकेच टाकते."

"अहो, मग हेच तर करायचंय!" सकीनाचे डोळे चमकले. "थोडा वेळ जोर, थोडा वेळ विसावा. तुम्ही दोन्ही रांगा एकट्याच ओढताय!"

दुसऱ्या दिवशी जयसिंगच्या आग्रहाखातर डॉक्टरांनी पुन्हा तपासलं, "जपून चालू द्या" म्हणत वेग कमी करून दिला, आणि केंद्रात नवा खेळ रंगला. मुक्ताबाई एक ओळ टाकत. मग पट्टा मंद व्हायचा आणि ओळ झेलायचे कोण, तर सायकलवरचे आजोबा! बेसूर, पण काय उत्साहानं! आठवडे गेले. भिंत सुटली, मग जिन्याचा कठडा सुटला. सकीनानं अखेर डॉक्टरांना विचारून परवानगी दिली, अटीसकट. उड्या नाहीत, ओळी वाटून घ्यायच्या, आणि दम लागला की हात वर करायचा.

"शकूम्होरं हात वर?" मुक्ताबाईंचा चेहरा उतरला.

"नाहीतर खुर्ची आहेच," सकीना म्हणाली.

पंचमीला पार्किंगमधल्या गाड्या हलवल्या. झोके बांधले. मुक्ताबाईंनी हिरवं लुगडं नेसून पहिली ओळ टाकली, तशी गॅलरीतल्या सुना मोबाईल टाकून खाली धावल्या! दुसरी ओळ, तिसरी... दम भरून आला. आणखी एक ओळ नेटानं ओढता आली असती. समोर शकू टपून होती. जयसिंग खुर्ची धरून कडेला तयार होता.

मुक्ताबाईंनी हात वर केला.

शकूनं ओळ अशी झडप घालून उचलली, की सोडेचना! एकामागून एक, एकामागून एक. मुक्ताबाई संथ पावलं टाकत श्वास घेत राहिल्या. आणि शकू? तिचा चेहरा लाल, आवाज फाटलेला, पदर सुटलेला. शेवटी कमरेवर हात ठेवून ती मटकन वाकली.

"मुक्ते, मर... तूच म्हन गं आता!"

"हात वर कर आधी," मुक्ताबाई म्हणाल्या.

सगळ्या बायका खो खो हसल्या. शकूनं शिव्या घालत घालत हात वर केला, आणि मुक्ताबाईंनी पुढची ओळ टाकली.