स्कॅनच्या फोल्डरला घातलेलं कुलूप

माझी धाकटी जाऊ आमच्याच हॉस्पिटलात सर्व्हर सांभाळते. म्हणजे पेशंटांचे स्कॅन साठवून ठेवणारं ते मोठं यंत्र. नवी नवी आली तेव्हा मी म्हटलं होतं, "बटणं दाबायचा पगार मिळतो हो हिला!" जीभच मेली माझी तिखट.

त्या सकाळी सात वर्षांच्या एका मुलीचं ऑपरेशन होतं, डोक्यातल्या गाठीचं. पोरगी टेबलावर, भूल देणारे तयार, आणि सर्जनच्या पडद्यावर स्कॅन उघडेना. स्कॅन नाही तर ऑपरेशन नाही. जो तो नेटवर्कच्या नावानं खडे फोडू लागला. एकानं वायर बदलली, दुसऱ्यानं कॉम्प्युटर बंद करून चालू केला. स्कॅन विभागाची प्रमुख मी, माझा आवाज सगळ्यांच्या वर.

जाऊ लॅपटॉप घेऊनच आली. वायरीतून काय जातंय, काय येतंय, ते तिनं दोन मिनिटं बघितलं. मग म्हणाली, "वायरीला कशाला बोल लावता? मागणी सर्व्हरपर्यंत पोचतेय. उत्तरही येतंय. फक्त ते 'परवानगी नाही' असं येतंय."

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. आदल्या संध्याकाळी कोणीतरी माझे स्कॅनचे फोल्डर हलवले म्हणून रागाच्या भरात मीच माझा विभाग सोडून बाकी सगळ्यांची परवानगी काढली होती. सर्जनचीसुद्धा! आणि आता वायरींवर ओरडत होते. काखेत कळसा नि गावाला वळसा.

सर्व्हरच्या नोंदीत नाव, वेळ सगळं येतं. तिनं ते वाचलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि कामाला लागली.

"सगळ्यांना सगळं उघडून टाका!" सर्जन ओरडले.

"नको डॉक्टर. तुमच्या विभागाला, तेही फक्त बघण्यापुरतं देते. बघा आता."

स्कॅन उघडला.

दुपारी ती अहवाल घेऊन माझ्या टेबलापाशी आली. काय बिघडलं, कसं सुधारलं, सगळं लिहिलेलं. कोणामुळे, ती ओळ मोकळी.

"जाऊबाई, एवढी तुम्ही भरा."

"आणि नाही भरली तर?"

"तर मी भरेन. खोटा अहवाल नाही देणार मी. पण तुम्ही भरलीत तर बरं."

काय बाई आहे ही! मी नाव लिहिलं आणि कागद स्वतःच सर्जनकडे नेला. त्यांनी सावकाश वाचला. आता बोलणी खायची, म्हणून मी मान खाली घातली.

"मुलगी शुद्धीवर आली," ते म्हणाले. "आईला हाक मारली तिनं."

मला तिथंच रडू फुटलं.