हिरव्या पाटीची रिक्षा

साताऱ्याहून सकाळच्या एसटीनं सांगलीला निघालो. भूगोलाच्या निवृत्त मास्तरला व्याख्यानाला बोलावणारं एखादं गाव अजून शिल्लक आहे, याचा मला आनंद व्हायला हवा होता. पण खिडकीची काच सरकत नव्हती, गुडघा ठणकत होता आणि पुढच्या सीटवरचा गृहस्थ कराड येईपर्यंत फोनवर कुणाशी तरी भांडत होता.

विषय होता, जगभरातल्या विजेच्या गाड्या आणि सरकारी सवलती. माझी मुलगी ओस्लोत असते. तिच्याकडे एक उन्हाळा काढून आलो, तेवढ्या भांडवलावर मी आता तज्ज्ञ झालो आहे. नॉर्वेनं कर कसा माफ केला, चीनच्या मोठ्या शहरांत विजेच्या गाडीला नंबरप्लेट कशी चटकन मिळते, हे सगळं मनात घोळवत होतो. बाहेर उसाच्या ट्रॉल्यांमागे आमची गाडी रखडत होती. पेठ नाक्यावर चहा घेतला, तोही गार. आष्टा मागे पडलं तरी धुरकट आभाळ काही मोकळं झालं नाही.

सांगलीत उतरलो तेव्हा भर दुपार होती. रिक्षांची रांग समोरच होती; पण रस्त्यापलीकडे रसवंतीच्या आडोशाला हिरव्या पाटीची एक विजेची रिक्षा दिसली. व्याख्यानाला ताजं उदाहरण मिळालं म्हणून मी तिकडे गेलो. चालवायला चाळिशीची एक बाई होती. मी बसतो न बसतो तोच रांगेतला पहिला रिक्षावाला रस्ता ओलांडून आला.

"आवं पाव्हणं, हिकडं या. नंबर माझा हाय," असं मला म्हणून तो बाईकडे वळला. "रेहाना, कितींदा सांगायचं? नंबर तोडू नगंस."

"तानाजीभाऊ, मी रांगंत हायच कुठं? तुमी हुभं राहू देता व्हय?"

"परमिट हाय का तुझ्याकडं? आमी परमिटापायी चपला झिजवल्या. तुला सरकारनं बिनपरमिटाची दिली न्हवं, मग सरकारच्या दारात हुबी ऱ्हा."

त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, म्हणून मला जास्त राग आला. रेहानानं चावी फिरवली. रिक्षा निघाली, जराही आवाज न करता.

मला माधवनगरला बापूकडे, माझ्या जुन्या मित्राकडे जायचं होतं. रेहानाही तिथलीच. घरात कापडाचे दोन माग होते, ते भंगारात गेले, तेव्हापासून नवरा सलीम घरात बसून असतो, असं तिनं सांगितलं.

"बाईमाणसाच्या नावावर सवलत मिळती, म्हणून माझ्या नावावर घेतली. चालवणार ते व्हते. मग मीच म्हटलं, नावावर हाय तर चालवूनबी बघू." ती पहिल्यांदाच हसली. "शिकले तवा एकटी हरिपूरपातुर गेले, काका. मागं पासिंजर न्हाई, काय काम न्हाई. नुसती गेले. संगमावर पाणी बघितलं आन् आले."

मी उत्साहानं ओस्लो काढलं. तिकडे विजेच्या गाडीला बससाठी राखलेल्या लेनमधून जाऊ देतात, इतरांच्या पुढे.

"मला फुडं नको," ती म्हणाली. "नुसतं रांगंत हुभं राहू द्या. परवा स्टँडवाल्यांची बैठक हाय. नंबर न्हाई मिळाला तर गाडी इकायची. तुमच्या व्याख्यानाला मोठी माणसं येतील. एक शब्द टाका की."

टाकतो, म्हणालो. परवा सकाळी मला परत स्टँडवर सोडायचंही तिच्याशीच ठरवलं.

दुसऱ्या दिवशी व्याख्यान झालं. नॉर्वेला टाळ्या पडल्या, चीनलाही पडल्या. पहिल्या रांगेत रिक्षावाल्यांचे एक पुढारी होते. त्यांना बाजूला घेऊन रेहानाची अडचण सांगितली. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "काळजी सोडा, सर. बैठक आजच रात्री घेतो. काढतो तोडगा." मी स्वतःवर इतका खूश झालो, की बापूच्या घरी भरलं वांगं दोनदा मागून घेतलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा दारात आली. हँडलवर एक किडकिडीत माणूस होता.

"मी सलीम," तो म्हणाला. "काका, तुमची लय मेहरबानी. नंबर मिळाला."

"आणि रेहाना?"

"घरात हाय. स्टँडवाले म्हणाले, परमिटाचं बघू काय तरी, पर बाईमाणूस रांगंत नको. नवरा चालवत असंल तर आमची ना न्हाई." तो ओशाळला. "मीबी म्हटलं, गाडी तरी ऱ्हाती."

मी पिशवी उचलून मागे बसलो. त्याच्यावर रागवावं तर तो वाईट माणूस नव्हता. किती दिवसांनी त्याच्या हाताला काम लागलं होतं, तेही चेहऱ्यावर दिसत होतं. पण रेहाना घरात नव्हती, गल्लीच्या तोंडाशी उभी होती. मी हात केला. तिनं रिक्षाकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. सलीम नवशिक्यासारखा हिसके देत निघाला. आरसा अजून तिच्या उंचीला लावलेला होता, त्यामुळे मागचं बघायला तो दर वळणावर खाली वाकत होता.

स्टँडवर तानाजीनं स्वतः रिक्षा मागे घेऊन जागा केली. "या पाव्हणं, झालं न्हवं तुमच्या मनासारखं?" त्यानं मनापासून विचारलं. बापूच्या बायकोनं दिलेली भडंगाची (तिखट चुरमुऱ्यांची) पुडी मी पिशवीत खोल सारली आणि एसटीत बसलो. साताऱ्यापर्यंत ती सोडावीशी वाटली नाही.

घरी पोचल्यावर ओस्लोहून मुलीचा फोन आला. व्याख्यान कसं झालं, एका रिक्षाला रांगेत जागा कशी मिळाली, ते सांगितलं. ती कुणाची, तेही सांगितलं. सलीमचं तेवढं तोंडातून निघेना.

"वा, बाबा! म्हणजे उपयोग झाला की तुमचा. खूश असेल ना ती?"

"तिला विचारायचं राहिलं," मी म्हणालो. "आम्ही कुणीच नाही विचारलं."