अडीचपट मजबूत

मंगळवारी सकाळी माझे यजमान श्रीधर गेले. संध्याकाळी केतकी, आमची मुलगी, पुण्याहून पोचली. दुसऱ्या दिवसापासून अवधपुरीच्या घरी कारखान्यातले त्यांचे जुने सहकारी येऊ लागले, आणि प्रत्येकाला मागच्या खोलीतली त्यांनी घडवलेली गिटार पाहायची होती. तेरावं होईपर्यंत मी ती खोली कुणासाठी उघडली नाही. "भाभीजी, क्या हाथ था साहब का," तिवारीजी म्हणाले, "म्यूज़ियम में रखने लायक चीज़ है." मी मान डोलावली. संग्रहालयातल्या वस्तू कुणी वाजवत नाही, एवढं त्यांचं बरोबर होतं.

आम्ही कारखान्याच्या टाउनशिपमध्ये, क्वार्टरमध्ये राहत होतो तेव्हाची गोष्ट. केतकी नववीत होती आणि मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात तिला गिटार वाजवायची होती. श्रीधर तिला न्यू मार्केटला घेऊन गेले, दुकानातली गिटार बोटाने ठोकून पाहिली आणि दुकानदाराच्या तोंडावर म्हणाले, "यह तो चाय का खोका है." दोघं रिकाम्या हातांनी परतली. "मीच करतो," ते म्हणाले. ते ट्रान्सफॉर्मरच्या डिझाइनमध्ये होते. तिथे प्रत्येक गोष्ट लागते त्याच्या अडीचपट मजबूत करायची, म्हणजे ती तीस वर्षं टिकते. त्यामुळे आमच्या घरी लोणच्याच्या बरण्यांचं फडताळही लोखंडी अँगलवर उभं होतं. त्यावर माणूस झोपला असता. मागच्या पडवीत त्यांनी टेबल मांडलं, बाजूंसाठी सागवान आणलं, वरच्या फळीसाठी देवदार. सागाच्या पट्ट्या ओल्या करून तापलेल्या नळीवर वाकवायच्या, साच्यात आवळायच्या, आठवडा थांबायचं... कामात कसूर नव्हती, हे मान्य करते. भुसा मीच झाडत होते, म्हणून मला ठाऊक आहे. तो गणेशोत्सव गेला, पुढचाही गेला. केतकी कोरसमध्ये उभी राहिली.

ती कॉलेजसाठी पुण्याला निघाली त्या आठवड्यात गिटार पुरी झाली. तिने मांडीवर घेतली, तारा छेडल्या. आवाज आला, पण आतल्या आत बसला.

"बाबा, पाट वाजवल्यासारखं वाटतंय."

"लाकूड मुरू दे."

"लोणचं आहे का ते? वरची फळी खरवडा ना. निम्मी करा."

"तारांचा ताण किती असतो ठाऊक आहे? उद्या फळी फुटली म्हणजे?"

"फुटली तर फुटली."

"माझ्या हातची वस्तू मोडत नाही," श्रीधर म्हणाले आणि त्यांनी गिटार भिंतीवर टांगली. केतकीने पुण्यात दुकानातली गिटार घेतली. ती कधी फोनवरून काही वाजवून दाखवू लागली, की श्रीधर रिसीव्हर माझ्या हातात देत म्हणायचे, "खोका वाजतोय." मुलीची बोटं कशी तयार झाली, हे त्या माणसाने कधी धड ऐकून घेतलं नाही. त्यांच्या अशा हुशारीचं काय करायचं असतं, ते मला अजून उमगलेलं नाही.

तेराव्यानंतर आम्ही दोघींनी मागची खोली आवरायला घेतली. गिटार भिंतीवर नव्हती, टेबलावर चादरीखाली होती. तारा काढून ठेवलेल्या. भोकाच्या खालच्या बाजूला फळीवरचं पॉलिश गेलेलं होतं, लाकूड खरवडलेलं होतं. शेजारी रुमालात गुंडाळलेला काचेचा तुकडा आणि देवदाराचा थोडा कीस. गेल्या हिवाळ्यापासून त्यांचा हात थरथरत होता, चहाचा कपही मी धरत होते. दुपारी दार लोटून ते तिथे पेपर वाचतात, अशी माझी समजूत होती... मला आधी रागच आला. हार मानायची, तीही दार लोटून.

केतकीने बोटाच्या पेराने खरवडलेल्या जागेवर ठोकलं, मग बाजूला ठोकलं, मग पुन्हा त्या जागेवर.

"इथे बोलतेय," ती म्हणाली.

गिटार टेबलावरच आहे. तळहाताएवढी जागा पातळ झाली आहे. बाकीची फळी जाड आहे.