कोमट पाणी

इमारती खोटं बोलतात, हे मला नोकरीच्या पहिल्याच वर्षी कळलं. कोरमंगलातल्या एका काचेच्या ऑफिसात विजेचा खप का वाढतोय ते शोधायला मला पाठवलं होतं. कंट्रोल रूममधल्या स्क्रीनवर सगळे दिवे शहाण्या मुलांसारखे हिरवे. गच्चीवर जाऊन मी पाइपला हात लावला, तर स्क्रीनवर बंद असलेला पंप तिथे खुशाल चालू होता. तेव्हापासून मी स्क्रीनवर विश्वास ठेवत नाही, आणि ती कौतुकाने दाखवणाऱ्या माणसावर तर मुळीच नाही. "मॅडम, आमच्याकडे सगळं ऑटोमॅटिक आहे," असं कुणी म्हणालं की माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकते.

मी मेकॅनिकल इंजिनिअर. इमारतींनी कमी वीज खाऊन नीट चालावं, हे बघणं माझं काम. बाहेर छान वारा सुटलेला असताना खिडक्या कायमच्या बंद करून आत एसी लावणारं हे गाव आहे, त्यामुळे मला कामाची ददात नाही. पण या धंद्याने माझा स्वभाव नासवला. हॉटेलात गेले की आधी छताकडे बघते. कुणाच्या घरी फ्रीज जरा जास्त वेळ घुरघुरला की यजमानांचं बोलणं माझ्या कानात शिरत नाही. आई म्हणते, तुझ्याशी लग्न करणाऱ्याला रोज तपासणीला उभं राहावं लागेल. ती हे हसत म्हणते, पण म्हणते.

आम्ही दोघी जे. पी. नगरात एका जुन्या अपार्टमेंटमध्ये राहतो. वडिलांचं शिवाजीनगरात मोटार-पंप दुरुस्तीचं दुकान होतं. ते गेल्यावर दुकान विकून हे घर घेतलं. आमचं घराणं या शहरात इतक्या पिढ्यांचं की 'ये'ला बा, 'थोडं'ला स्वल्प आणि 'बरं'ला सरी म्हणणाऱ्या आमच्या मराठीला पुण्याचे नातेवाईक हसतात. हसू देत. त्यांच्यापैकी एकालाही इथल्या रिक्षावाल्याशी कानडीत भाव करता येत नाही.

इमारतीच्या गच्चीवर बिल्डरने बसवलेलं सोलर कित्येक वर्षं मेलेलं पडलं होतं. घरोघरी गिझर जळत होते. माझ्याच डोक्यावर हा तमाशा, आणि मी दिवसभर दुसऱ्यांच्या इमारती सुधारत फिरणार, हे मला सहन होईना. असोसिएशनच्या सभेत मी उभी राहिले, सोलर दुरुस्त करा म्हणून तासभर घसा कोरडा केला आणि कशीबशी मंजुरी मिळवली. कंपनीही मीच सुचवली, कारण ती माझ्या पाहण्यातली होती. ते काम मी फुकट केलं, हे इथे सांगते, कारण पुढे त्यावर कुणाचा विश्वास बसला नाही.

सुरुवातीला पाणी असं चटका देणारं येई की लोक लिफ्टमध्ये मला थांबवून शाबासकी देत. बऱ्याच जणांनी गिझर काढूनही टाकले. आणि मग एका आठवड्यात पाणी कोमट झालं. ऊन रणरणत होतं, गच्चीवरच्या काचा पुसलेल्या होत्या, आणि नळाला येत होतं ते भांडी विसळायच्या लायकीचं पाणी.

इमारतीच्या ग्रुपवर आधी काळजी आली, मग थट्टा, मग प्रश्न. मॅडमनी हीच कंपनी का सुचवली? मॅडमची आणि कंपनीची ओळख कशी? कुणीतरी हात जोडल्याचं चित्र टाकून लिहिलं की कमिशन घेणं काही गुन्हा नाही, फक्त आधी सांगायला हवं होतं. सेक्रेटरी हे निवृत्त गृहस्थ. ते लिफ्टपाशी अगदी गोड आवाजात विचारू लागले, की तुमच्या क्षेत्रात हे चालतंच, नाही का? माझ्या अंगाचा तिळपापड होई. पण मला जिव्हारी लागलं ते आईचं. रोज संध्याकाळी खालच्या बाकावर बायकांत बसणारी आई एके दिवशी गुडघ्याचं कारण सांगून घरातच बसली. दुसऱ्या दिवशीही. तिच्या गुडघ्याला काही झालं नव्हतं. ती आली की बाकावरच्या गप्पा बंद पडत होत्या.

म्हणजे आता मला पाणी गरम करायचं नव्हतं, नाव धुऊन काढायचं होतं. आणि माझी खात्री होती की कुठेतरी पाणी मुरतंय, कुणीतरी हे करतंय. संशय घ्यायला मी कुणाला सोडलं नाही. वॉचमन गरम पाण्याने गाड्या धुतो का, हे बघायला मी सकाळी पार्किंगमध्ये खांबाआड उभी राहिले. तो गाड्या धुतच नव्हता, फडकं फिरवून धुतल्यासारखं दाखवत होता. प्लंबरचा गिझर दुरुस्तीचा धंदा बसला होता, म्हणून तो मनात आला. सेक्रेटरींचा भाचा गिझर विकतो हे कळलं, तेव्हा तर मी रात्रभर खटला चालवून त्यांना शिक्षाही सुनावली.

शेवटच्या मजल्यावर पुण्याहून आलेलं आयटीतलं जोडपं राहतं. गच्ची त्यांच्या डोक्यावर, म्हणजे पहिलं गरम पाणी त्यांचं. अर्धा अर्धा तास शॉवरखाली उभे राहत असणार, असं मी ठरवून टाकलं आणि थर्मामीटर घेऊन गेले. त्या मुलीने बाथरूमचं दार उघडलं आणि म्हणाली की ॲक्च्युअली ते दोघं जिममध्येच शॉवर घेतात. ते खरंच होतं. बादलीत धूळ होती. मग मी एकेक घर घेतलं. लोक माझ्याकडे असे बघत, जणू मी साबण मोजायला आलेय. एका काकांनी मला आत सोडलं आणि त्यांची बायको माझ्या पाठीमागे उभी राहून मी काय करते ते बघत राहिली. मी त्यांच्यावर संशय घेत होते, त्या माझ्यावर, आणि मधे नळ.

एकच घर मी तपासलं नाही. तळमजल्यावरच्या अक्कांचं.

अक्का आमच्यासारख्याच इथल्या जुन्या मराठी घरातल्या. सत्तरी केव्हाच ओलांडलेली, एकट्या, मुलगा परदेशी. सोवळं अतिशय कडक. सकाळी आंघोळ करून पूजा आणि स्वयंपाक होईपर्यंत त्यांना कुणी शिवायचं नाही, आणि इतरांनी शिवलेलं त्या शिवायच्या नाहीत. इमारतीत यावरून कुरबुरी होत. जिन्याजवळ ठेवलेल्या त्यांच्या घागरीवरून सेक्रेटरींनी मुलाला तक्रारीची मेलही केली होती. मुलगा तर निमित्तच शोधत होता. आईने हे घर सोडून गावाबाहेरच्या वृद्धांच्या वसाहतीत जावं म्हणून तो मागे लागला होता, आणि तिथे सोवळं पाळता येणार नाही म्हणून अक्का हटून बसल्या होत्या.

पाणी कोमट झाल्यावरच्या सभेत याच अक्का माझ्या बाजूने उभ्या राहिल्या होत्या. कमिशनचा विषय निघाला तेव्हा सगळे जमिनीकडे बघत होते. अक्का पदर सावरून उठल्या आणि म्हणाल्या, "या मुलीला मी ओळखते. ती खोटं करायची नाही. तुम्ही सगळे स्वल्प लाज धरा." मला रडू आलं होतं. त्यांच्या घरात थर्मामीटर घेऊन जाणं माझ्या मनातही आलं नाही.

शेवटी हाताने दाखवलं. घरांच्या मागे एक उभी पोकळी आहे, तिथून सगळ्यांचे नळ वर जातात. एका दुपारी, कुणी पाणी वापरत नसताना, मी तिचं तळमजल्यावरचं दार उघडून एकेका पाइपवर तळहात ठेवत गेले. गरम पाण्याचा पाइप एका जागी बर्फासारखा गार होता. तिथून तो गारवा वर चढत चालला होता. म्हणजे कुठल्या तरी घरात गार आणि गरम नळ एकमेकांना जोडले गेले होते, आणि पंपाच्या जोराने गार पाणी उलटं वर, सोलरच्या टाकीत शिरत होतं. ते घर अक्कांचं होतं.

मी तशीच त्यांच्याकडे गेले. पूजा-जेवण आटोपलेलं होतं. "बा, बस," म्हणत त्या कॉफी करायला आत गेल्या आणि मी हात धुते म्हणून बाथरूममध्ये शिरले. भिंतीवरच्या दोन्ही नळांना नळ्या लावलेल्या, दोन्ही नळ्या एकत्र करून पुढे एक नवीन पितळी तोटी. गार आणि गरम, दोन्ही नळ सताड उघडे. बंद फक्त पुढची तोटी.

काय आहे ते मला लगेच कळलं, तरी मी अक्कांना विचारलं. त्यांनी मोठ्या हौसेने सांगितलं. बाथरूम धुणारी बाई भिंतीवरच्या नळांना हात लावते, म्हणून ते सोवळ्यात चालत नाहीत. पूर्वी गिझरचं बटणही शिवावं लागे, म्हणून थंडीतसुद्धा त्या गार पाण्यानेच आंघोळ करत. सोलर सुरू झालं, बटणाचा प्रश्न मिटला. तेव्हा त्यांनी बाहेरचा माणूस बोलावून ही तोटी करून घेतली. तिला त्यांच्याशिवाय कुणी हात लावत नाही. मागचे नळ उघडेच ठेवायचे, कारण बंद करायला गेलं तर शिवावे लागतील.

"कोमट का होईना, इतक्या वर्षांनी ऊन पाण्यानं सोवळ्यातली आंघोळ झाली," त्या म्हणाल्या. "तुझ्यामुळं झाली बघ."

माझ्या फोनमध्ये त्या नळांचा फोटो होता. त्यांची पाठ वळली असताना मी तो काढला होता. घरी येऊन मी ग्रुपसाठी मजकूर लिहिला. चांगला लिहिला, एकही वाईट शब्द नव्हता, आणि प्रत्येक शब्द खरा होता. सेक्रेटरींचा चेहरा मला समोर दिसत होता. मला तो मजकूर पाठवायचा होता, अगदी मनापासून पाठवायचा होता. मग कळलं की तो फोटो सर्वांत आधी अक्कांच्या मुलाकडे जाईल. एका बाईच्या सोवळ्यापायी अख्खी इमारत गारठली, याहून चांगलं निमित्त त्याला कुठे मिळणार होतं? अक्कांना एकटीला सांगून तोटी काढायला लावावी, असंही वाटलं. पण मग त्या पुन्हा गार पाणी डोक्यावर घेणार, आणि तेही माझ्यामुळेच. मी आईला सगळं सांगितलं. तिने फोन माझ्या हातातून घेऊन पालथा ठेवला आणि म्हणाली, मला त्या बाकावर बसायची एवढी काही गरज नाही. ते खोटं होतं, हे आम्हा दोघींना माहीत होतं.

उपाय सोपा होता. पाण्याला एकाच दिशेने जाऊ देणारे व्हॉल्व्ह असतात. घरात शिरणाऱ्या पाइपवर ते बसवले की आत काहीही जोडा, पाणी उलटं फिरत नाही. एकट्या अक्कांच्या पाइपवर बसवले असते तर बोट तिकडेच गेलं असतं, म्हणून मी मागच्या पोकळीत सगळ्याच घरांना बसवून घेतले. कुणाच्या बाथरूममध्ये पाऊलही टाकावं लागलं नाही. दोन दिवसांत पाणी पुन्हा चटके देऊ लागलं.

सभेत सेक्रेटरींनी विचारलं, नेमकं काय झालं होतं? कुणाच्या तरी घरात नळ जोडलेले होते म्हणाले असते, तर कुणाच्या, हा पुढचा प्रश्न होता. मी म्हणाले, व्हॉल्व्ह नव्हते, ते बसवले. मग ते आधीच का नाही बसवले, असं शेवटच्या मजल्यावरच्या त्या पुण्याच्या मुलाने विचारलं. प्रश्न रास्त होता. मी त्याच्या जागी असते तर हाच विचारला असता, आणि उत्तर देणारीचा चेहरा नीट निरखला असता. तो तेच करत होता. मी खुर्चीत बसले. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं, सेक्रेटरींनी मान डोलावली आणि विषय संपला. संपला म्हणजे पक्का झाला. आरडाओरडा केला तेव्हा कुठे हिने ताळ्यावर येऊन काम नीट केलं, असं सगळ्यांच्या मनाने घेतलं.

त्या रविवारी अक्कांनी मला कॉफीला बोलावलं. पेला माझ्यापुढे ठेवला, दार नीट लागलंय का बघून आल्या आणि जवळ बसल्या. दुपार होती, सोवळं संपलेलं होतं, त्यांनी माझा हात हातात घेतला.

"सभेत मी तुझी बाजू घेतली, ती घेतलीच," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पण आपलं आपण बिघडलेलं पाणी लोक ओरडल्यावर बरोबर कसं सुधारतं गं? माझ्या एकटीला खरं सांग. कंपनीकडून स्वल्प काहीतरी घेतलं होतंस ना?"

त्यांच्या मागे बाथरूमचं दार अर्धवट उघडं होतं आणि आतली पितळी तोटी चिंच लावून लख्ख घासलेली दिसत होती.

"असू दे," त्या माझा हात थोपटत म्हणाल्या. "पोरवयात होतं. मी कुणाला सांगायची नाही."

"सरी, अक्का," मी म्हणाले, आणि कॉफी प्याले.